हिशेब पस्तीसचा, गाडी तेवीसची

भाच्याचं निदान एका वाक्याचं होतं. "मामा, मोटर कमी पडतेय. पाच हजार केव्हीची टाकू, विषय संपला." गाडी त्याने होस्टेल सोडून गावी परत चाललेल्या एका मुलाकडून घेतली होती. रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश म्हणजे १/१० स्केलची, फोर व्हील ड्राइव्ह, मधून शाफ्ट गेलेली टुरिंग कार. आत ३३०० केव्हीची ब्रशलेस मोटर, दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. दिसायला झकास. पळायला मात्र सोसायटीतली मुलं सायकलवरून तिला मागे टाकत होती.

मी भोसरीला गिअरबॉक्सच्या असेंब्लीवर काम करतो. आमच्याकडे ताकद कमी पडते अशी तक्रार आली, तर मोटर मोठी करा असं कुणी म्हणत नाही. मोटरने दिलेली ताकद वाटेत कुठे मुरतेय, ते आधी बघतात. तेच खेळण्यातल्या गाडीला का लागू होऊ नये? (खेळण्यातली म्हटलं की भाचा चिडतो. हॉबी ग्रेड म्हणायचं असतं.) मी त्याला म्हटलं, नवीन मोटरचे पैसे खिशात ठेव आणि वही आण.

आधी हिशेब. केव्ही म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. दोन सेलच्या लिपोचे सरासरी ७.४ व्होल्ट धरले, तर ३३०० गुणिले ७.४ म्हणजे २४,४२० फेरे. मोटरवर २२ दातांचं पिनियन, त्याला लागणारा मोठा स्पर गिअर ७० दातांचा आणि पुढे डिफरन्शियलपर्यंत (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचापर्यंत) गाडीचं आतलं प्रमाण २.६. सत्तर भागिले बावीस गुणिले २.६ म्हणजे ८.२७. याचा अर्थ मोटर सव्वाआठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून चाकाचे फेरे मिनिटाला साधारण २,९५०. टायरचा व्यास ६४ मिलिमीटर, म्हणजे घेर वीस सेंटिमीटरच्या किंचित वर. सगळं गुणून ताशी साडेपस्तीस किलोमीटर आले. हा आकडा बिनभाराचा. हवा, टायर, घर्षण धरून प्रत्यक्षात तीस-बत्तीस मिळाले तरी गाडी ठणठणीत म्हणायची.

आता गाडी खरी किती पळते ते मोजायचं. मोबाइल गाडीला बांधून जीपीएस लावायची कल्पना मी मोडीत काढली. मोबाइल गाडीपेक्षा महाग आहे. त्याऐवजी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर खडूने वीस मीटर अंतरावर दोन रेघा मारल्या आणि मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. रेघ आणि गाडी दोन्ही जमिनीवरच असल्याने वरून बघताना नजरेची चूक होत नाही. रस्त्याला थोडा उतार आहे, म्हणून जाताना आणि येताना असं दोन्ही वेळा मोजून सरासरी काढायची. वॉचमनकाकांनी तेवढा वेळ स्कूटर अडवून धरल्या, तेही शिट्टी वाजवून, पूर्ण रुबाबात.

वीस मीटरला ३.१ सेकंद. ताशी तेवीस. पस्तीस कुठे आणि तेवीस कुठे. एवढी तूट एका जागची नसते हा माझा अंदाज होता. म्हणून बॅटरीपासून सुरुवात करून चाकापर्यंत क्रमाने यायचं आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा वीस मीटर मोजायचे असं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भाच्याला हे अजिबात पटलं नव्हतं, कारण यात रविवार जातात.

बॅटरी चार्ज करून मोजली तर ८.२ व्होल्ट, दोन्ही सेल सारखे. पण उभ्या गाडीवर मोजलेल्या व्होल्टेजला काही अर्थ नाही. जोर लावल्यावर ते किती खाली बसतं, ते बघायला हवं. माझ्या मल्टिमीटरमध्ये किमान आकडा धरून ठेवायची सोय आहे. गाडीची बॉडी काढली, मीटर रबरबँडने चासीवर बांधलं आणि भाच्याला म्हटलं, थांबलेल्या गाडीवरून एकदम पूर्ण ट्रिगर दाब. आधी मीटरच्या वायरी बॅटरीच्या बॅलन्स प्लगला, म्हणजे सेलना थेट जोडलेल्या छोट्या प्लगला लावल्या होत्या, तेव्हा किमान आकडा ६.७ आला. मग त्याच वायरी ईएससीच्या टोकाला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरच्या टोकाला लावल्या आणि तशीच फेरी मारली. ६.१. बॅटरीतून निघालेले ०.६ व्होल्ट चार इंच वायर आणि एक प्लग यांच्यात गडप.

प्लगला बोट लावलं आणि लगेच काढलं. जुना, पांढरा, प्लास्टिकच्या घरात पत्र्याच्या नळ्या असलेला प्लग. नळ्या सैल होऊन पिनेला नीट धरत नव्हत्या आणि एका नळीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. तीस अँपिअर धरले तर ०.६ व्होल्ट म्हणजे अठरा वॉट नुसते तिथे जळतात. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतके.

तपकीर गल्लीतून एक्सटी-६० जातीचे पिवळे कनेक्टर, जाड सिलिकॉन वायर आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) आणली. बॅटरीचा प्लग बदलताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत. कात्रीचं पातं दोन्ही वायरींना एकाच वेळी लागलं की शॉर्ट, आणि लिपोचा शॉर्ट म्हणजे नुसती ठिणगी नव्हे, आग. आधी काळी कापली, सोलली, कथिल लावलं, जोडली, हीट श्रिंक चढवून गरम केली. ती पूर्ण झाकली गेल्यावरच लाल. बॅटरीच्या बाजूला टोकं आत झाकलेला भाग लावायचा. आणि सोल्डर करताना समोर कुठेही न जोडलेला दुसरा कोरा कनेक्टर खोचून ठेवायचा, नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन पिना तिरक्या होतात.

२.९ सेकंद. ताशी पावणेपंचवीसच्या आसपास. भाचा म्हणाला, "एवढ्यासाठी गल्लीत गेलो?"

पुढचा टप्पा रिमोटचा, आणि यात आमचा पाऊण तासही गेला नाही. बऱ्याच ईएससींवर एक दिवा असतो, तो पूर्ण थ्रॉटलला पोचल्यावर वेगळा जळतो. चाकं उचलून ट्रिगर पूर्ण दाबला तरी आमचा दिवा तसा जळेना. रिमोटच्या मेनूत बघितलं तर थ्रॉटलची कमाल मर्यादा ८५ टक्क्यांवर. आधीच्या मुलाने कुणा लहानग्याला चालवायला देताना केलं असेल. मर्यादा १०० केली, ट्रिम शून्यावर आणली आणि ईएससीला रिमोटची टोकं पुन्हा शिकवली: बटण दाबून चालू करायचं, मग मधली जागा, पूर्ण पुढे, पूर्ण मागे, प्रत्येक वेळी बटण दाबून नोंद. रिमोटमधल्या मर्यादा बदलल्या की हे पुन्हा करावंच लागतं. त्याच वेळी ईएससी लिपोवर सेट आहे ना, तेही बघून घेतलं, म्हणजे सेल फार खाली जाण्याआधी तो स्वतःहून थांबतो.

२.५ सेकंद, ताशी जवळपास एकोणतीस. एक पैसाही खर्च न करता. इथे भाच्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

आणि त्याच वेळी आवाज कानावर यायला लागला. पूर्वी कमी वेगात तो दबून गेला असावा. आता गाडी समोरून गेली की मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा खरखराट. पाच मिनिटं पळवल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर बघितली तर ८५ अंश. फेब्रुवारीतली सकाळ, अंगावर स्वेटर, आणि मोटर ८५.

मोटर काढून पिनियन हातात घेतलं. बावीस दाते, मोजून बावीस. पण दात अंगाने बारीक वाटले. स्परच्या दातांवर बघितलं तर प्लास्टिकच्या टोकांवर चमकदार पट्टा, म्हणजे घासण्याची खूण नेमकी नको तिथे. मी व्हर्नियर आणला. गिअरचा बाहेरचा व्यास काढायचं साधं सूत्र आहे: दात अधिक दोन, गुणिले मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप. या गाडीचे गिअर ०.६ मॉड्यूलचे. चोवीस गुणिले ०.६ म्हणजे १४.४ मिलिमीटर यायला हवे. व्हर्नियर १२.७ दाखवत होता. बरोबर अर्धा इंच.

अर्धा इंच दिसला आणि उलगडा झाला. हे इंची पिनियन, ४८ पिचचं; पिच म्हणजे दाताच्या आकाराचं इंची माप. ४८ पिच म्हणजे मॉड्यूलमध्ये सांगायचं तर ०.५३. दातांची संख्या तीच, पण दोन दातांमधलं अंतर वेगळं. आमच्या शॉपमध्ये असे दोन गिअर कुणी एकत्र बसवले तर सुपरवायझर त्याला गेटबाहेर नेऊन सोडेल. पण छोट्या गाड्यांत हे सर्रास होतं, कारण ०.६ आणि ०.५३ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही, मोटर थोडी पुढे सरकवली की दात एकमेकांत अडकतात आणि गाडी चालते. आवाज करत, तापत, स्पर खात, पण चालते. म्हणून पिनियन घेताना फक्त दात सांगून चालत नाही. मॉड्यूल का पिच, आणि भोक किती, तेही सांगावं लागतं. या मापाच्या मोटरचा शाफ्ट बहुतेक ३.१७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

०.६ मॉड्यूलची २२, २३ आणि २५ दातांची पिनियनं आणि एक नवा स्पर असं ऑनलाइन मागवलं. पार्सल येईपर्यंत रविवार वाया का घालवायचा, म्हणून मोटर बाहेरच ठेवून बाकीचं ड्राइव्हट्रेन तपासायला घेतलं. ब्रशलेस मोटर हाताने फिरवली तरी चुंबकामुळे अडकत अडकत फिरते, त्यामुळे ती जोडलेली असताना बाकीचं घर्षण कळत नाही. मोटर नसताना गाडी नुसती घरंगळली पाहिजे. हॉलच्या फरशीवर एक धक्का दिला. चार फरश्या जाऊन थांबली.

चाकं उचलून एकेक हाताने फिरवलं. तीन चाकं ठीक, पुढचं डावं जड. चाकाचा नट काढला, मागची षट्कोनी चकती काढली, तिची बारीक पिन बशीत ठेवली. ही पिन फरशीवर पडली की केरसुणीलाच सापडते. आत अॅक्सलभोवती काहीतरी हिरवट गुंडाळलेलं. सुरीच्या टोकाने उचकलं तर धागा निघायला लागला. मांजा! संक्रांतीनंतर मैदानभर आणि गच्च्यांवर तुटका मांजा पडलेला असतोच. चाकाने तो ओढून घेतला होता, अॅक्सलवर घट्ट गुंडाळला होता आणि घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळून बुशला, म्हणजे अॅक्सल ज्यात फिरतो त्या साध्या नळीला, चिकटला होता. बुशचं भोकही एका बाजूने खाल्लेलं. चिमट्याने, सुरीने, शेवटी देवापुढच्या उदबत्तीच्या जळत्या टोकाने धागे तोडत तोडत तो सगळा काढला. बहिणीने विचारलं काय जाळताय. भाचा म्हणाला, "बेअरिंग." तिने पुढे काही विचारलं नाही.

एक बुश गेलाच होता, तर सगळ्याच बुशांच्या जागी बॉल बेअरिंग घालायचं ठरलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यांना ११५० म्हणतात, अकरा बाय पाच. हॉबीच्या साइटवर ती रंगीत डबीत, सेट म्हणून मिळतात. मी बोहरी आळीत एका बेअरिंगवाल्याकडे गेलो आणि ११५० म्हटलं, तर त्याने मान हलवली. बुश काउंटरवर ठेवला. त्याने आत-बाहेर-जाडी मापली: पाच, अकरा, चार. "एमआर ११५ म्हणा की." मागच्या ड्रॉवरमधून पुडी काढली. "झेडझेड का टूआरएस?" झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं, टूआरएसला रबराची. रबराचं अगदी किंचित जड फिरतं, पण धूळ आत जाऊ देत नाही. कर्वेनगरला आमच्या आजूबाजूला रिडेव्हलपमेंटची कामं चालू आहेत, हवेत सिमेंट तरंगत असतं. म्हणून चाकांना रबराची घेतली आणि गिअरबॉक्सच्या आत, जिथे धूळ येत नाही, तिथे पत्र्याची.

डिफरन्शियलबद्दल भाच्याचा संशय होता की त्यात घट्ट ग्रीस भरलंय, म्हणून गाडी ओढते. मागची दोन चाकं उचलून एक फिरवलं तर दुसरं उलट्या दिशेने फिरत होतं, पण फिरवायला जोर लागत होता. म्हणजे ग्रीस खरंच घट्ट होतं. पण सरळ पळताना त्याने वेग कमी होत नाही. दोन्ही चाकं सारखी फिरत असतात तेव्हा डिफच्या आतले छोटे गिअर एकमेकांवर फिरतच नाहीत, सगळा गोळा एकत्र फिरतो. ग्रीसचा परिणाम वळणावर. म्हणून ते तसंच राहू दिलं. डिफच्या केसचे स्क्रू मात्र गरजेपेक्षा जास्त पिळलेले होते, त्याने बेव्हल गिअर चेपले जातात. ते पाव फेरा सैल केले.

पार्सल आलं. पिनियन बसवताना ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच यायला हवा आणि त्याला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब पुरे. मग मेश, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत किती घट्ट बसतात ते. दोन गिअरच्या मधून वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद पट्टी घालायची, मोटर स्परवर दाबायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या नागमोडी घड्या पडल्या पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. बरेच लोक इथेच थांबतात. मी थांबत नाही, कारण प्लास्टिकचा स्पर कधीच पूर्ण गोल नसतो. तो पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी बोटाने हलवून बघितला. तीन जागी हलकी टकटक लागत होती, चौथ्या जागी काहीच नाही, म्हणजे तिथे घट्ट. त्या सगळ्यात घट्ट जागेवर थोडासा प्ले राहील असा मेश पुन्हा लावला. बाकी तीन जागी मग तो किंचित जास्त सैल राहतो, राहू दे. सैल गिअर आवाज करतो, घट्ट गिअर मोटर खातो.

मोटर मागे सरकवून फरशीवरची चाचणी पुन्हा केली. गाडी हॉल ओलांडून चपलांच्या रॅकला जाऊन धडकली. मेश लावून खाली नेली. २.२ सेकंद. ताशी साडेबत्तीसच्या वर, आणि पाच मिनिटांनी मोटर ६० अंश. खरखराट गेला, त्या जागी नुसती शीळ.

एक शेवटची गोष्ट मी हट्टाने केली, तिचा वेगाला जवळजवळ काही उपयोग झाला नाही, हेही सांगून टाकतो. पुढचे टायर कडेने जास्त झिजत होते आणि कोऱ्या काँक्रीटवर गाडी हळू नेली तर टायर कुरकुरत. व्हर्नियर लावला तर पुढचे ६४ आणि मागचे ६६ मिलिमीटर. जुन्या मालकाने मागे दुसऱ्या जातीचे घातले होते. या गाडीत पुढच्या-मागच्या डिफच्या मध्ये तिसरं डिफ नाही, एकच सरळ शाफ्ट. दोन्ही अॅक्सल समान फेरे मारतात आणि घेरात सव्वासहा मिलिमीटरचा फरक, म्हणजे दर फेऱ्याला कुठलं तरी एक टोक तेवढं घासणारच. चारही टायर एका मापाचे केले. सेकंदाच्या काट्याला फरक कळला नाही. कुरकुर मात्र थांबली, आणि ट्रिगर दाबल्यावर गाडी एका बाजूला जायची तीही सरळ जायला लागली.

आता राहिली मोठ्या मोटरची गोष्ट. भाच्याला २५ दातांचं पिनियन लावून बघू दिलं. प्रमाण ७.२८, हिशेबात ताशी चाळीस. वीस मीटरला दोन सेकंद लागले, म्हणजे छत्तीस. पण उठाव मंदावला, बॅटरी लवकर उतरली आणि मोटर पुन्हा ८२ वर. शिवाय आमच्या रस्त्याची सरळ पट्टी एवढी छोटी की टॉप स्पीड गाठेपर्यंत ब्रेक लावावा लागतो. २३ दातांवर तडजोड झाली. उठाव चांगला, मोटर साठीच्या थोडी वर. तरी मार्च अर्धा संपेपर्यंतच मी तिला २३ वर ठेवणार आहे. एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशीला टेकते, तेव्हा मोटरला तेवढे अंश आयते मिळतात. २२ चं पिनियन डबीत जपून ठेवलंय, त्यावर मार्करने ०.६ लिहून. इंची पिनियन भाच्याला टाकून द्यायचं होतं, ते मी माझ्याकडे घेतलं. शॉपमधल्या नव्या पोरांना व्हर्नियरसकट हातात द्यायला बरं आहे.